बिननावाच्या पर्सा

परवा लॅबमधली एक पोरगी माझ्यापुढं मोबाईल धरून उभी राहिली. "मॅडम, पाहा न. फर्स्ट कॉपी हाय, पन अजिबात वळखू येत नाही. घेऊ का?" स्क्रीनवर तपकिरी रंगाची एक पर्स होती आणि तिच्या छाताडावर सोनेरी अक्षरांत कुठल्याशा परदेशी कंपनीचं नाव. मी रक्ताच्या बाटल्यांवर पेशंटची नावं चिकटवत होते. मान वर न करता माझ्या तोंडून निघून गेलं, "नाव काढून देतात का?"

पोरगी पाहतच राहिली. "नाव काढून? मंग घ्याची कशाले, मॅडम?"

हा प्रश्न मी अमरावतीत एका दुकानाच्या पायरीवर बसून इतक्यांदा ऐकलाय की मला हसूच फुटलं. आणि हसता हसता अचानक भरून आलं. काकूंची आठवण आली की माझं हे असंच होतं, आधी हसू आणि मागून दुसरं.

लग्नाआधी मी अमरावतीत एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये नोकरीला होते. माहेर अंजनगाव सुर्जीचं. वडील भाजीपाला आणि फुलं पिकवतात, झेंडू, शेवंती, वांगी, मेथी, जे साधेल ते. रोज येणं-जाणं काही जमेना, म्हणून गांधी चौकाच्या आतल्या गल्लीत एक खोली भाड्यानं घेतली. मागं खोली, पुढं पर्सचं दुकान आणि दोन्हींच्या मध्ये घरमालकीण काकू. उंच, वाळकुड्या, आणि आवाज असा की गल्लीच्या तोंडाशी उभ्या असलेल्या रिक्षावाल्यालाही त्यांच्या घरी भाजी काय शिजतेय ते कळावं. चष्म्याला दोरी नव्हती, जुन्या पर्सची साखळी होती. आणि हातात कायम पेचकस, म्हणजे स्क्रू-ड्रायव्हर. भाजी निवडतानाही पेचकस मांडीशी.

त्या पेचकसचं काम मला पहिल्याच आठवड्यात कळलं. मुंबईहून ट्रॅव्हल्सनं पर्सांचं पार्सल आलं. काकूंनी ते दुकानात न नेता मागच्या ओसरीवर आणलं, फतकल मारून बसल्या आणि एकेक पर्स मांडीवर घेऊन तिच्यावरची नावाची पट्टी उपटायला लागल्या. काही पट्ट्या बारीक स्क्रूनं बसवलेल्या, काहींचे पाय आतून दुमडलेले, काही नुसत्याच चिकटवलेल्या. चिकटवलेल्यांवर काकूंचा भारी राग. "पाह्य वं, धड लावलंबी नाही. खोटं तर खोटं, अन् थेबी ढिल्लं!" पट्टी निघाली की ती लोणच्याच्या रिकाम्या बरणीत टण्णकन पडायची आणि पर्स दुकानात जायला मोकळी व्हायची.

"काकू, कावून काढता नावं?" मी विचारलं. "लोकं नावासाठीच तर घेतात."

"नाव काढलं का थे नकली राह्यत नाही," काकू म्हणाल्या. "मंग थे निस्ती पर्स राह्यते. चांगली पर्स. चेन पाह्य, अस्तर पाह्य. तिले कावून लाज आनाची?"

मला वाटलं, बाईचं डोकं जरा सरकलेलं आहे. गल्लीचंही मत तेच होतं. बाजारात आजूबाजूला चार दुकानांत तेच पार्सल यायचं, तीच पर्स असायची, आणि तिथले दुकानदार "अगदी ओरिजनल वाटते बघा" म्हणून खपवायचे. काकूंकडं गिऱ्हाईक आलं की आधी सुनावणी. "हे चामडं नाही. दोन उन्हाळे चालन, मंग पोपडे निघतीन. आकार एका मोठ्या कंपनीच्या पर्सवरून उचलेल हाय. पटलं तर घ्या." असं बोलून कोणी धंदा करतं का? पण काकूंचं दुकान चालायचं. बाळंतिणीला दवाखान्यात न्यायला मोठी पर्स हवी, मास्तरीणबाईंना डबा बसेल अशी हवी, नवऱ्या मुलीला साक्षगंधाला मिरवायला हवी, असल्या बाया नेमक्या काकूंकडं यायच्या. कारण काकू त्यांच्याकडून सामान विचारून घ्यायच्या. "काय काय ठेवतं सांग. डबा? पाण्याची बाटली? छत्री? मंग हे घेऊ नोको, हे निस्ती दिसाले हाय."

एकदा एक प्राध्यापिका बाई आल्या. बडनेरा रोडला बंगला, स्वतःची गाडी. पर्स उलटी-पालटी करून म्हणाल्या, "इथं काहीतरी होतं ना हो? दोन भोकं दिसतायत."

"होतं. नाव होतं."

"मग द्या ना लावून."

"नाव पाह्यजे तुमाले?"

"अहो, त्याच्यासाठीच तर घ्यायची!"

"बरं," काकू अगदी शांतपणे म्हणाल्या. "काय नाव तुमचं? मागं मशीन हाय, धाग्यानं टाकून देतो."

बाई लालबुंद होऊन निघून गेल्या. मला वाटलं, संपलं. तर पुढच्या आठवड्यात हजर! तीच पर्स घेतली, बिननावाची. धाग्याचं नाव तेवढं नको म्हणाल्या. काकूंनी त्यांना चहा पाजला आणि दोघी तासभर कुठल्याशा भाचीच्या लग्नावर बोलत बसल्या. काकूंचा राग असा कधीच माणसावर नसायचा, पट्टीवर असायचा.

बरणीतल्या पट्ट्या त्या टाकून देत नसत, पण कोणी मागितल्या तर द्यायच्याही नाहीत. कॉलेजच्या पोरी हात जोडायच्या, "काकू, एक द्या न, फक्त एक." काकू ढिम्म. अपवाद एकच. शेजारच्या दूधवाल्याच्या बकरीच्या गळ्यातली घंटी हरवली, तेव्हा काकूंनी बरणीतून सगळ्यात मोठी, सोनेरी, गोल पट्टी काढून सुतळीत ओवून तिच्या गळ्यात बांधली. अख्ख्या गल्लीत ब्रॅण्डेड म्हणावी अशी तेवढी ती बकरीच. पाडवा आला की दूधवाला तिला फुलांचा हार घालायचा आणि काकू दुकानातून ओरडायच्या, "अबे, तिचं नाव झाकू नोको!"

पर्सा विकणारी ही बाई स्वतः मात्र पर्स वापरत नसे. साडीच्या दुकानात मिळणारी कापडी थैली, तीही उलटी केलेली. शिवण बाहेर, दुकानाचं नाव आत. "मी का त्याची फुकटात जाहिरात करू?" कॅलेंडर भिंतीवर लावायच्या आधी खालची जाहिरातीची पट्टी कात्रीनं उडवायच्या. घरातल्या स्टीलच्या भांड्यांवर, आपल्याकडं कोरतात तसं, लग्नाच्या आहेरात आल्याचं आणि काकूंचं नाव कोरलेलं होतं. ती सगळी भांडी मांडणीवर एका विशिष्ट तऱ्हेनं ठेवलेली असायची, कोरलेली बाजू भिंतीकडं. एकदा मी भांडी घासून दिली आणि एक गंज, म्हणजे उभं पातेलं, चुकून नाव पुढं करून ठेवला. काकू आल्या, तो परत भिंतीकडं फिरवला आणि निघून गेल्या. मला तेव्हा वाटलं, हाही त्यातलाच विक्षिप्तपणा.

दुकानाच्या पाटीवरही नाव नव्हतं. निळा रंग आणि पांढऱ्या अक्षरांत "पर्स मिळतील", बस. लोक त्याला बिननावाचं दुकान म्हणायचे. संध्याकाळचं ऊन तिरपं आलं की निळ्या रंगाखालून जुनी अक्षरं फुगीर दिसायची. कोण्या बाईचं नाव असावं आणि पुढं 'पर्स सेंटर'. मी विचारलं तर काकू म्हणाल्या, "काकांनी ठेवलं होतं. काका गेले, मंग रंग देला." एवढंच. आणि लगेच मला म्हणाल्या, "तू पायरीवरून उठ, गिऱ्हाईक येऊन राहिलं."

मग माझं लग्न जुळलं. मुलगा अकोल्याचा, वडील वकील, घर चांगलं. पाहायला आले तेव्हा सोबत त्याची लग्न झालेली बहीण आली होती, माझी होणारी नणंद. तिच्या खांद्यावर पर्स होती. मी पर्सांच्या दुकानामागं राहणारी पोरगी, मला कळणार नाही का? ती खरी होती. तिनं ती सोफ्यावर ठेवली, तर माझ्या वडिलांनी तिच्यासाठी जागा सोडली, पाहुणीला द्यावी तशी! मी चहाचा ट्रे धरून उभी, आणि माझं सगळं लक्ष त्या सोनेरी नावाकडं. मला खात्रीच झाली की या घरात जायचं तर असलं काहीतरी खांद्यावर पाहिजे, नाहीतर आपण भाजीवाल्याची पोरगीच राहणार.

अमरावतीला आल्या आल्या काकूंना तिचं वर्णन सांगितलं. काकू हसल्या. पण पुढच्या पार्सलात त्यांनी तशीच एक मागवली. हुबेहूब तपकिरी, तोच आकार, तेच नाव. ओसरीवर बसून त्यांनी ती मांडीवर घेतली आणि पेचकस उचलला. मी हातच धरला.

"काकू, एवढी एक राहू द्या न. तुमच्या पाया पडतो."

"कावून?"

"त्या लोकांत जायचंय मले. त्यांच्या पोरीची पाहिली न तुमी... म्हंजे पाहिली नाही, पन सांगितलं न तुमाले. मले उघडं पडायचं नाही."

काकूंनी पेचकस खाली ठेवला. मला वाटलं, जिंकले. आणि आनंदाच्या भरात पुढं बोलले, "तसंबी माह्यं नावच बदलनार हाय. त्यांच्यात सगळ्या सुनांचं बदलतात. सासूबाईनं नाव पाहूनबी ठेवलं, यांच्या नावाशी जुळनारं. मंग पर्सचं एक राहिलं तर काय बिघडते?"

काकू माझ्याकडं पाहत राहिल्या. मग पर्स बाजूला सारली आणि पदरानं चष्मा पुसत म्हणाल्या, "बस. तुले एक गंमत सांगतो."

"माह्यं माहेर बाळापूर. लग्नाच्या वक्ती परातीत तांदूळ पसरले अन् ह्यायनं आंगठीनं त्याच्यात नाव लेयलं. मले वाचता येत होतं, चांगली सातवी शिकेल होती मी. पन मले उलटीकून दिसे. बाजूच्या बाईले इचारलं, काय लेयलं वं? थे म्हने, तुह्यं नाव.

"मंग इथं आलो. सासू सैपाकघरातून हाका मारे. मी आंगनात उभी. मले वाटे, दुसऱ्या कोनाले बोलावून राहिली, घरात जावा होत्या, नणंदा होत्या. मी कावून ओ देऊ? असं लय दिवस चाललं. सासू म्हने, बाळापूरवाल्यानं बहिरी पोट्टी देली आपल्याले. अन् नेलं न बाप्पा मले कानाच्या डाक्टरकडं!"

मी हसायला लागले. काकूही हसत होत्या, चष्म्याची साखळी हलत होती.

"डाक्टरनं नळी घालून पाह्यलं. म्हने, कान तर साफ हायेत. मले इचारलं, बाई, तुमचं नाव काय? म्या माह्यं नाव सांगतलं. तर सासूनं कपाळावर हात मारला. म्हने, पाहा डाक्टर, आता नावबी इसरली!"

मला हसू आवरेना. डोळ्यांत पाणी आलं हसून हसून. मग बघते तर काकू केव्हाच थांबल्या होत्या.

"मंग शिकली मी ओ द्याले," त्या म्हणाल्या. "माणूस शिकते. ह्यायनं प्रेमानं दुकानाले थेच नाव देलं. मी कशी म्हनू का हे माह्यं नाही? थ्यायच्या मनात तर माह्यंच होतं. थे होते तोवर पाटी ठेवली. बाळापूरले माय होती, तिथं गेलो का थे फाटकातूनच जुन्या नावानं हाक मारे. मंग माय गेली. आता थ्या नावानं मले बोलावनारं कोनीच नाही."

"कोणतं नाव, काकू?"

ज्या बाईचा आवाज गल्लीच्या टोकापर्यंत जायचा, तिनं ते नाव इतकं हळू सांगितलं की मला पुढं वाकावं लागलं. ते मी इथं लिहीत नाही. त्यांनी ते मला सांगितलं होतं, सगळ्यांना नाही.

मला मांडणीवरची भांडी आठवली, भिंतीकडं तोंड करून ठेवलेली. पाटीवरचा निळा रंग आठवला. मला वाटायचं ही बाई कंपन्यांवर चिडलेली आहे.

काकूंनी ती तपकिरी पर्स माझ्या मांडीवर ठेवली. पट्टी तशीच होती. वर पेचकस ठेवला. "आकाराचं काही नाही. सगळे एकमेकाचं पाहूनच करतात. ब्लाउजचा गळाबी आपन दुसरीचा पाहूनच शिवतो. पन नाव थे नाव हाय. तुह्यी पर्स, तुह्यं नाव. मी काई सांगत नाही." आयुष्यभर प्रत्येक गिऱ्हाइकाला सुनावणारी बाई, आणि मला म्हणे काही सांगत नाही!

मी होणाऱ्या नवऱ्याला फोन केला. म्हटलं, मला माझंच नाव ठेवायचं आहे. माणूस चांगला, पण आईपुढं आवाज न निघणारा. "बोलून पाहतो," म्हणाला. तो काय बोलला देव जाणे, पण सासूबाईंचा फोन थेट माझ्या वडिलांना गेला. "आमच्या घरात आजवर नाव बदलल्याशिवाय सून आत आलेली नाही. मुलीच्या मनात नसेल तर आत्ताच सांगा."

मी अंजनगावला गेले तेव्हा वडील ओट्यावर झेंडूच्या राशीजवळ बसले होते. पत्रिका वाटून झालेल्या, आचारी ठरलेला. "पोरी, ऐन तोंडावर आलं लगन," ते म्हणाले. "येवढ्याशा नावासाठी मोडतं का?"

"मोडत नाही, बाबा. पन थे मले दुसऱ्या नावानं हाक मारतीन न, तं मी ओ देनार नाही. सांगून ठेवतो."

वडील फुलं चाळत राहिले. मग म्हणाले, "तुह्या आजीनं ठेवलं होतं थे नाव. कोनाचं ऐकलं नव्हतं तिनं." बाजू घेतली म्हणावं तर घेतली नाही, आणि रागावले म्हणावं तर तेही नाही. लग्नाच्या दिवसापर्यंत सगळं असं लटकलेलं राहिलं. सासूबाईंना वाटत होतं पोरगी ऐकेल, मला वाटत होतं नवरा बोलेल, आणि नवऱ्याला वाटत होतं की काहीतरी होऊन जाईल.

हळदीच्या सकाळी मी मांडव घालणाऱ्या बिछायतवाल्याच्या पोत्यातून पेचकस मागून घेतला. काकूंचा मी परत केला होता, त्यांना लागतो म्हणून. पिवळ्याजर्द हातांनी त्या पर्सची पट्टी काढली. स्क्रू गंजलेला होता, निघता निघेना, आणि काढता काढता अस्तराला हळद लागली ती लागलीच. दोन भोकं उरली.

लग्न अंजनगावच्याच मंगल कार्यालयात. काकू अमरावतीहून एसटीनं आल्या, हातात उलटी थैली, अंगावर जांभळं लुगडं. माझ्या खांद्यावरची पर्स पाहिली, भोकांवरून अंगठा फिरवला आणि "जेवली का?" एवढंच विचारलं. थोड्या वेळानं नणंद आली. तिचीही नजर पर्सवर गेली. "वहिनी, इथं काय होतं गं?"

"नाव होतं. काढलं."

"का?"

"माझं नव्हतं म्हणून."

मला वाटलं ती हसेल. ती हसली नाही. स्वतःची पर्स या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली आणि तिथंच उभी राहिली.

हल्ली सगळं कार्यालयातच उरकतात, तसं सुनेचं नाव ठेवायचं लक्ष्मीपूजनही तिथंच होतं. परात आली. भटजींनी तांदूळ पसरले, नवऱ्याच्या हातात अंगठी दिली. सासूबाई वाकून भटजींच्या कानात काहीतरी बोलल्या आणि भटजींनी ते नवऱ्याच्या कानात सांगितलं. नवऱ्यानं अंगठी तांदळावर टेकवली. आणि थांबला. मग माझ्याकडं पाहून म्हणाला, "काय लिहू?"

अख्ख्या घोळक्यानं ऐकलं ते. वडील मांडवाच्या खांबाला धरून उभे होते. सगळ्यांच्या मागं, टाचा उंचावून, चष्मा कपाळावर सारून काकू पाहत होत्या.

"आहे तेच," मी म्हणाले. आवाज फाटला माझा, पण निघाला.

"अगं, असं नसतं," सासूबाई म्हणाल्या. "सगळं ठरलंय. चार पाहुण्यांत हे काय?"

"आई, राहू दे ना." हे नणंद बोलली. "मला सासरी नव्या नावानं हाक मारतात ना, अजून पटकन कळत नाही कोणाला बोलावतात ते. त्यांना वाटतं मला शिष्टपणा आलाय."

सासूबाईंनी वळून स्वतःच्या पोरीकडं पाहिलं. "तू कधी बोलली नाहीस."

"कोणी विचारलं नाही."

त्या बाईचा चेहरा मला आजही आठवतो. रागावलेली नव्हती ती. काहीतरी हातातून निसटून खूप दिवस झालेत आणि आत्ता कळलंय, असं काहीसं. मग पदर सावरला आणि मुलाला म्हणाल्या, "लिही बाबा. लिही लवकर. पेढे वाटायचे आहेत." नवऱ्यानं लिहिलं. माझ्या बाजूनं ते उलटं दिसत होतं, तरी मला एका नजरेत वाचता आलं.

काकू जाऊन आता काही वर्षं झाली. त्यांच्या दुकानात मोबाईलची कव्हरं मिळतात आणि दारावर या टोकापासून त्या टोकापर्यंत लायटिंगचं नाव आहे. बरणीचं काय झालं माहीत नाही. माझ्या पर्सचे काकूंनी सांगितल्याप्रमाणे दोन उन्हाळ्यांत पोपडे निघाले. कपाटात आहे ती, हळदीच्या डागासकट. लॅबमधल्या पोरीला मी काय सांगणार? म्हटलं, घे पर्स आवडली असेल तर, पण आधी इकडं आण, माझ्याकडं पेचकस आहे. ती मला वेडी समजून गेली. समजू दे.

मला मात्र लग्नाच्या दिवसातलं सगळ्यात जास्त आठवतं ते पुढचंच. पेढे वाटून झाले, फोटोवाला आम्हाला इकडं वळा, तिकडं वळा करत होता, आणि मला एकदम दिसलं की काकू निघाल्या. न सांगता, न भेटता. अमरावतीची बसायला जागा मिळेल अशी एसटी त्यांना गाठायची असणार. जांभळं लुगडं फाटकाशी पोचलं होतं, काखेत उलटी थैली. मी शालू धरून उठले आणि ओरडले, "काकू! ओ काकू!"

मांडवातल्या सगळ्या काकवा वळल्या. माझ्या तीन सख्ख्या, अकोल्याकडच्या, शेजारपाजारच्या, झाडून सगळ्या. त्या तेवढ्या वळल्या नाहीत. चालतच राहिल्या.

मग मी त्यांना त्या नावानं हाक मारली. बाळापूरच्या. होता नव्हता तेवढा जीव काढून, फाटकापर्यंत पोचेल अशी.

मान वळायच्या आधी, कोण बोलावतंय हे पाहायच्याही आधी, काकूंनी ओ दिली.